वही आधी, निवेदन नंतर

नाशिकच्या सातपूर भागातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "वडील तेहतीस वर्षं कंपनीत होते, त्यातली अठरा युनियनच्या कमिटीत. आता निवृत्त आहेत. देशावर संकट आलं की त्यांना चैन पडत नाही. रात्र रात्र जागून पंतप्रधानांपासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना निवेदनं लिहितात. उत्तर कुणाचंच येत नाही. मग म्हणतात, निवृत्ताला ना गेट, ना युनियन, ना आवाज. अशा माणसाने राजकीय पाठपुरावा करावा का? आणि केलाच तर कसा?"

ताई, जरूर करावा. मीही तुमच्या वडिलांच्याच वाटेचा. अंबडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मशीन शॉपला काढली, त्यातली चौदा वर्षं युनियनचा सरचिटणीस होतो, २०१७ साली निवृत्त झालो. २०२० च्या कोरोनाच्या टाळेबंदीत आम्ही जे केलं, त्यातलं काय फसलं आणि काय थोडंफार साधलं, ते सगळं सांगतो. तुमच्या वडिलांकडून आज जी चूक होते आहे, तीच मी तेव्हा पहिले बारा दिवस केली होती.

आधी त्यांचा एक गैरसमज काढून टाका. निवृत्ताला युनियनमध्ये जागा नाही, हे खरं नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम २२ मध्ये बाहेरचे पदाधिकारी किती असावेत याची मर्यादा होती. पण २००१ च्या दुरुस्तीने त्याच कलमाला एक स्पष्टीकरण जोडलं: निवृत्त झालेला किंवा कामावरून कमी केलेला कामगार पदाधिकारी होत असेल तर त्याला बाहेरचा धरायचं नाही. हे कलम मी आमच्या जुन्या मंडळींना फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा आमचे माजी खजिनदार थोडा वेळ गप्पच झाले. मग म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं मी उगाच गेटच्या बाहेर उभा होतो."

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि चार तासांत ती लागू झाली. आमच्या बावीस निवृत्तांचा फोनवर गट होता. त्याच रात्री मी लिहायला बसलो. चार पानं, सतरा मागण्या. सरकारी दवाखान्यांवरचा खर्च वाढवा, खासगीकरण थांबवा, किमान वेतन वाढवा, पेन्शन वाढवा. भाषा खणखणीत होती, गटात वाहवा झाली. पंतप्रधान, मुख्यमंत्री, केंद्राचे आणि राज्याचे कामगारमंत्री, खासदार, आमदार, सगळ्यांना धाडलं. दोन ठिकाणांहून यंत्राने टाकलेला नोंदणी क्रमांक आला. बाकी काही नाही.

५ एप्रिलला दुपारी अंबडजवळच्या चुंचाळ्यातून फोन आला. आमच्याच कंपनीत ठेकेदाराकडे डिबरिंगला, म्हणजे कापलेल्या धातूच्या कडा घासायला, असलेला मुलगा, मूळचा सुरगाण्याकडचा. म्हणाला, "मामा, पीठ उद्या सकाळपुरतं आहे. बिल्डिंगमध्ये सगळ्यांचं तसंच आहे. कुणाला सांगू?"

मी विचारलं, "तुम्ही किती जण आहात?"

"लई आहोत."

"लई म्हणजे किती?"

त्याला सांगता येईना. आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, चार पानं लिहून मलाही तो आकडा सांगता आला नव्हता. सतरा मागण्यांत चुंचाळ्याची ती बिल्डिंग कुठेच नव्हती.

त्या संध्याकाळी नातीची दोनशे पानी लाँगबुक मागून घेतली आणि पट्टीने रकाने आखले. नाव, गाव, खोली, खाणारी तोंडं, कंपनी, ठेकेदार, शेवटचा पगार कोणत्या तारखेला, किती दिवसांचा बाकी, रेशनकार्ड कुठलं आणि कोणत्या रंगाचं, बँक खातं, फोन. घराबाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक मजल्यावरचा एक पोरगा धरला. त्याच्या फोनला आम्ही रिचार्ज मारायचा आणि त्याने खोलीखोलीत फोन फिरवायचा. आमच्यातल्या एकेकाने एकेक बिल्डिंग वाटून घेतली. माझ्या वहीतलं एक पान अजून डोळ्यांपुढे आहे. दुसरा मजला, तीन नंबरची खोली, दहा बाय बारा, माणसं सात. चार आझमगडकडचे, दोन नंदुरबारचे, एक बीडचा. शेवटचा पगार १० मार्चला, तो फेब्रुवारीचा. मार्चचे अठरा दिवस भरलेले, पैसे नाहीत. रेशनकार्ड गावाला. ठेकेदाराच्या रकान्यात सातही जणांसमोर एकच शब्द: 'शेठ'. शेठचा फोन बंद.

आठवडाभरात वहीत तीनशेच्या वर नावं झाली. तोवर पहिल्या बिल्डिंगला वॉर्डातल्या मंडळांनी पीठ आणि डाळ पोचवली होती, हेही सांगायला हवं. त्या पोरांनी गणपतीची वर्गणी जशी गोळा करतात तसं धान्य गोळा केलं. सरकार पोचायच्या आधी तीच पोचली होती.

वही भरली तसं मला एक दिसू लागलं, आणि तुमच्या वडिलांना सांगायचं मुख्य तेच आहे. वहीचा प्रत्येक रकाना वेगळ्या टेबलावर जातो. रेशनचा रकाना धान्य वितरण अधिकाऱ्याकडे. पगाराचा कामगार उपायुक्तांकडे. भविष्य निधीचा सातपूरच्या भविष्य निधी कार्यालयाकडे. गावी जाण्याचा पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे. चार पानांचं निवेदन यातल्या कोणत्याही टेबलावर गेलं तरी तिथला माणूस ते पुढे सरकवणार, कारण त्यातल्या पंधरा गोष्टी त्याच्या हातातल्या नसतात. आणि ज्या दोन असतात, त्या त्या पंधरांत बुडून जातात. तेव्हा मागणी कापून ज्याच्या-त्याच्या टेबलाएवढी करायची. सही करणाऱ्याला वरती विचारावं लागणार नाही, इतकी लहान.

पगाराचंच बघा. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला की टाळेबंदीच्या काळाचा पगार न कापता, ठरल्या तारखेला द्या, आणि कामगाराकडून महिनाभर खोलीभाडं मागू नका. राज्य सरकारनेही मार्चअखेर तसाच निर्णय काढला. आमच्या गटातल्या बहुतेकांना वाटलं, आता काम झालं. पण आदेश मालकाला होता आणि आमच्या पोरांना मालकच ठाऊक नव्हता, ठाऊक होता तो शेठ. म्हणून आम्ही तो आदेश बाजूला ठेवला आणि तेव्हा लागू असलेला १९७० चा कंत्राटी कामगार कायदा काढला. कलम २१, पोटकलम ४: ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा आणि मग ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचा. आणि मार्चचे भरलेले अठरा दिवस तर टाळेबंदीच्या वादातच येत नव्हते, ते घाम गाळून कमावलेले होते.

कामगार कार्यालयातल्या एका अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं, "मामा, तक्रार सरसकट नको. कंपनीवार, ठेकेदारवार यादी द्या, मी त्या त्या कंपनीला पत्र काढतो." हे असं उत्तर मिळालं की समजायचं, बरोबर टेबलावर पोचलो. वही होती म्हणून दोन रात्रींत याद्या वेगळ्या करता आल्या. एका कंपनीने आधी कळवलं की ही माणसं आमच्या हजेरीपटावर नाहीत. खरंच नव्हती, ठेकेदाराच्या पटावर होती. पण त्यातल्या बऱ्याच पोरांकडे त्या कंपनीचा गेटपास होता, फोटो आणि शिक्क्यासकट. पासचे फोटो जोडून पुन्हा पत्र दिलं. मेच्या पहिल्या आठवड्यात एक्केचाळीस जणांच्या खात्यात मार्चचे पैसे पडले.

आणि ज्यांच्याकडे गेटपास नव्हता, त्या सव्वीस जणांना काही मिळालं नाही. काम त्यांनीही त्याच शेडमध्ये, त्याच मशीनवर केलं होतं. सरचिटणीस असताना चौदा वर्षं मी कायम कामगारांच्या करारांत गुंतलो होतो. ठेक्यावरच्या प्रत्येकाला पास आणि पगाराची पावती मिळालीच पाहिजे, एवढं एक कलम मी एकाही करारात हट्टाने घातलं नाही. त्या सव्वीस नावांसमोर मी लाल पेनाने खूण करून ठेवली आहे. तुमच्या वडिलांची युनियन अजून चालू असेल, तर हे काम त्यांनी आजच कमिटीच्या कानावर घालावं. संकट आल्यावर हा पास कुणी देत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. २९ मार्चचा तो आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलून पगाराचं मिटवावं असं सांगितलं. आदेशाला सात आठवड्यांचं आयुष्य होतं. त्या सात आठवड्यांत ज्यांची यादी टेबलावर पोचली त्यांनाच त्याचा हात लागला.

आता सही कुणाची, हा प्रश्न. तुमच्या वडिलांना वाटतं निवृत्ती म्हणजे हात तुटले. माझं म्हणणं उलट आहे. कामावर असलेला पोरगा निवेदनावर सही करत नाही, आणि त्याने करूही नये. दुसऱ्या दिवशी ठेकेदार त्याला गेटवर थांबवतो. आम्हाला कोण थांबवणार? आमचा हिशोब झालेला, ग्रॅच्युइटी मिळालेली, पेन्शन जेमतेम का असेना, बँकेत येते. म्हणून आम्ही ठरवलं, माहिती त्यांची आणि सही आमची. सगळ्या निवेदनांवर बावीस निवृत्तांची नावं आणि पूर्वीची पदं. सोबतची यादी बंद पाकिटात, फक्त अधिकाऱ्यासाठी. एकदा एका कंपनीचा माणूस विचारत आला की तक्रार कुणी केली. मी म्हटलं, माझी सही आहे ना खाली, माझ्याशी बोला.

निवेदन एका पानाचं. विषय एका ओळीत. मग माणसं किती आणि कुठे, कोणत्या आदेशाचा आधार, आणि तुमच्या अधिकारातली एकच गोष्ट करा. खाली सही, मागे यादी. ई-मेलने पाठवलं तरी कार्यालय उघडल्यावर कागद हातात घेऊन जायचं, आवक-जावकच्या खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि नंबर घ्यायचा. जुने लोक त्याला बारनिशी म्हणायचे. पोच नसलेला कागद दिलेलाच नसतो. पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं आणि म्हणायचं, अमुक तारखेच्या अमुक नंबरच्या पत्राचं काय झालं? या एका वाक्याने बसलेला माणूस कपाट उघडायला उठतो, हे मी शंभर वेळा पाहिलं आहे.

लोकप्रतिनिधींकडे कसं जायचं, यावर आमच्या गटात मोठं भांडण झालं. आमची युनियन लाल झेंड्याची. दोघातिघांचं म्हणणं, भाजपच्या किंवा सेनेच्या माणसाकडे याद्या घेऊन जाणं म्हणजे आपण त्यांच्या दारात उभं राहणं. मला ते पटलं नाही. चुंचाळ्यातल्या त्या खोलीत बसलेल्या सात जणांना पिठाचा रंग दिसत नव्हता. आम्ही सगळ्यांकडे गेलो. आणि कुणाकडेही भाषण मागितलं नाही. आमदाराला एक फोन मागायचा: अमुक अधिकाऱ्याला, अमुक यादीबद्दल. किंवा पालकमंत्र्यांच्या आढावा बैठकीत मांडायला एक मुद्दा द्यायचा. खासदाराला प्रश्न द्यायचा, तोही लिहून, कारण त्यांच्याकडे वेळ नसतो आणि आपल्याकडे तेवढा एकच माल भरपूर असतो.

नाशिकच्या बाबतीत एक गोष्ट जुळून आली. तेव्हा आपले पालकमंत्री छगन भुजबळ, आणि राज्याचं अन्न व नागरी पुरवठा खातंही त्यांच्याकडेच. रेशनचा घोळ असा होता: केंद्राने एप्रिलपासून माणशी ५ किलो धान्य मोफत केलं, पण अन्नसुरक्षेच्या यादीत असलेल्यांना. केशरी कार्डवाले त्यात नव्हते. त्यांच्यासाठी राज्याने मे आणि जूनकरता माणशी ३ किलो गहू ८ रुपये किलोने आणि २ किलो तांदूळ १२ रुपये किलोने दिला. तरीही दुकानातून माणसं परत यायची, कारण "कार्ड ऑनलाइन नाही". ज्यांच्याकडे कार्डच नव्हतं त्यांच्यासाठी केंद्राची घोषणा मेच्या मध्यावर आली. तोवर पाच रुपयांची शिवभोजन थाळी आणि लोकांनी चालवलेली जेवणं, यांवरच दिवस काढायचे होते. आम्ही 'ऑनलाइन नाही' म्हणून परत पाठवलेल्या कार्डांची यादी केली, कार्ड क्रमांक आणि दुकान क्रमांकासकट. एक प्रत धान्य वितरण अधिकाऱ्याला, एक पालकमंत्र्यांच्या कार्यालयाला. सगळ्यांचं नाही, पण निम्म्याहून अधिक कार्डांचं काम जूनच्या आत झालं. आमच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. अनेक जण एकाच वेळी ढकलत होते. पण आमच्या कागदावर दुकानाचा नंबर होता, एवढं नक्की.

गावी जाणाऱ्यांचं मात्र जड गेलं. मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या शहराच्या पोटातून जातो. एप्रिल-मेमध्ये कसारा घाट चढून इगतपुरी, विल्होळी, गरवारे पॉइंट, द्वारका, आडगाव असा माणसांचा ओघ चालू होता. काही जणांना जिल्ह्यात अडवून निवाऱ्यांत ठेवलं होतं. त्यांच्यापैकी तीनशेच्या वर लोकांना घेऊन १ मेच्या रात्री नाशिकरोडहून भोपाळला गाडी सुटली. महाराष्ट्रातून सुटलेली ती पहिली श्रमिक गाडी. नेमका कामगार दिन. आमच्या वहीतलं त्या गाडीत कुणी नव्हतं. त्यांना अर्ज, पोलीस ठाणं, डॉक्टरांचा दाखला, पुन्हा पोलीस ठाणं, असं फिरावं लागलं. आम्ही अर्ज भरून देण्याचं काम घेतलं, कारण पोरांना आपल्या गावाचा तालुका आणि जवळचं स्टेशन हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिता येत नव्हतं.

मेमध्ये एके दिवशी पहाटे मी आणि माजी खजिनदार गरवारे पॉइंटला पाणी घेऊन उभे होतो. एक विशीतला मुलगा आला, पाठीवर पोत्यात बांधलेला प्रेशर कुकर. पाणी पितानाही तो पोतं खाली ठेवेना. मी म्हटलं, ठेव की बाबा, खांदा मोकळा कर. त्याने नुसती मान हलवली. पाणी पिऊन झाल्यावर शर्टाच्या खिशातून कुकरची शिट्टी काढून बघितली आणि पुन्हा आत ठेवून बटण लावलं. भिवंडीहून निघाला होता, जायचं होतं मध्य प्रदेशात सतनाला. मी नाव विचारलं, वहीत लिहिलं. गावाच्या रकान्यात सतना, खोलीच्या रकान्यात 'रस्ता'.

८ मेला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून भुसावळकडे निघाले होते, गाडी मिळेल या आशेने. त्या दिवशी आमच्या गटात कुणी काही लिहिलं नाही.

आता झेंड्याचं. झेंडा घरात ठेवा असं मी म्हणत नाही. यादी, रेशन, पगार यांत झेंडा मधे आणू नये. पण कायदाच बदलायला काढला तर तिथे झेंडाच लागतो. त्या मे महिन्यात उत्तर प्रदेश सरकारने बहुतेक कामगार कायदे तीन वर्षं बाजूला ठेवणारा अध्यादेश मंजूर केला. गुजरातने १७ एप्रिलच्या अधिसूचनेने कारखान्यांत बारा तासांची पाळी आणली, आणि वरच्या तासांना दुप्पट नव्हे, साधाच दर. महाराष्ट्रातही बारा तासांची तात्पुरती सूट दिली गेली. तेव्हा भारतीय मजदूर संघाने २० मेला निषेध केला आणि इंटक, आयटक, हिंद मजदूर सभा, सीटू वगैरे दहा केंद्रीय संघटनांनी २२ मेला. एरवी एका मांडवात न बसणारी माणसं दोन दिवसांच्या अंतराने एकच गोष्ट बोलली. आम्ही २२ तारखेला आपापल्या दारात, अंतर ठेवून, पुठ्ठ्याचे फलक धरून उभे राहिलो. जमावबंदी होती, आणि आमच्यातले काही पासष्टीच्या पुढचे, त्यांना बाहेर पडू नका असं सरकारच सांगत होतं. त्याचा मान ठेवला. संकटात नियम मोडून अटक करून घेण्यात मर्दुमकी नाही, आपल्यामुळे एखादा पोलीस आजारी पडला तर त्याचंही घर आहे.

त्या काळात निवृत्तांनी केलेलं सर्वांत उपयोगाचं काम फलक धरण्याचं नव्हतं. आम्ही कामावर परतलेल्या पोरांना फोनवर शिकवलं की तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ५९ काय सांगतं, ओव्हरटाइम दुप्पट कसा धरतात, आणि आपले तास आपल्याच डायरीत रोज कसे लिहायचे. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या त्या अधिसूचना रद्द केल्या आणि जादा तासांचे पैसे कायद्याप्रमाणे द्यायला सांगितलं. असा निकाल कुठे लागला की ज्याच्याकडे तासांची नोंद, त्यालाच तो वापरता येतो.

जे हरलं तेही सांगतो. सप्टेंबर २०२० मध्ये औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता अशा, जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आणलेल्या, तीन संहिता संसदेत मंजूर झाल्या. कामगार कपात किंवा कारखाना बंद करायला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. आम्ही खासदारांना कलमवार टिपण दिलं होतं. पण त्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तासच ठेवला नव्हता, फक्त लेखी उत्तरं होती. अंबड-सातपूरमधल्या किती लहान कारखान्यांना हा बदल लागू होतो, ते आम्ही नीट मांडू शकलो नाही. तिथे आमच्याकडे भाषणं होती, वही नव्हती.

त्याच अधिवेशनात, १४ सप्टेंबरला, लोकसभेत सरकारला विचारलं गेलं की टाळेबंदीत गावी जाताना किती स्थलांतरित मजूर मेले आणि त्यांच्या घरच्यांना भरपाई दिली का. कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर होतं: अशी आकडेवारी ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न येत नाही.

ते उत्तर वाचलं आणि मी वही काढून मांडीवर घेतली. पुढच्या वर्षी, २९ जून २०२१ ला, सर्वोच्च न्यायालयाने असंघटित कामगारांची नोंदणी पूर्ण करायला सांगितलं आणि ऑगस्टमध्ये त्या नोंदणीचं ई-श्रम हे सरकारी पोर्टल सुरू झालं. कुणी म्हणेल, उशिरा का होईना. पण करमाडच्या सोळा जणांची तरी नावं छापून आली. वाटेत उन्हाने, तापाने, ट्रकखाली गेलेले किती, ते कुणीच लिहिलेलं नाही. तुमच्या वडिलांना विचारा, पंतप्रधानांना पाठवलेल्या निवेदनात किती नावं होती? माझ्यात एकही नव्हतं.

आपल्या स्वतःच्या मागण्यांचं काय, हा प्रश्न ते नक्की विचारतील. ईपीएसची, म्हणजे भविष्य निधी कार्यालयाकडून मिळणारी, किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयेच आहे. मागणी शंभर टक्के रास्त आहे. एप्रिल २०२० मध्ये ती निवेदनात घालायला मी विरोध केला. आज वाटतं, अर्धा चुकलो. एकाच पानावर घातली नाही हे बरोबर. पण वेगळ्या पानावर मांडायला हवी होती, आणि तीही नावानिशी. आमच्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीला विधवा पेन्शन हजारच्या आसपास. धुण्याभांड्याची कामं टाळेबंदीने गेली. त्या फोनवर कधी काही बोलल्या नाहीत, आम्ही विचारलं नाही. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी त्यांचा फोन आला तेव्हा कळलं की उन्हाळ्यात त्यांनी मंगळसूत्राची वाटी मोडली होती. दाखल्याची मुदत त्या वर्षी २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाढवली गेली होती, ते सांगून त्यांची एक काळजी कमी केली, एवढंच. आता आमच्या वहीत निवृत्तांचंही वेगळं सदर आहे. घरी कोण, पेन्शन किती, इतर मिळकत काय.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेबद्दल जास्त लिहवत नाही. एप्रिल २०२१ मध्ये पाठपुरावा वगैरे सगळं मागे पडलं, दिवसरात्र खाटा आणि प्राणवायू शोधणं एवढंच चाललं होतं. २१ एप्रिलला आपल्याच शहरात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून रुग्ण गेले. आमच्या बावीस जणांच्या गटातले दोघे त्याच महिन्यात गेले. त्यातला एक तो, जो मला भाजपच्या दारात जाऊ नको म्हणून भांडला होता. भांडून झाल्यावर सगळ्यांत जास्त फोन त्यानेच केले होते.

त्या महिन्यात राज्याने नोंदणी असलेल्या बांधकाम मजुरांना आणि नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांना दीड-दीड हजार रुपये जाहीर केले. बांधकाम मजुरांना आदल्या वर्षीही कल्याणकारी मंडळाकडून पैसे मिळाले होते. दोन्ही वेळा अट तीच, नोंदणी हवी. नाक्यावर उभे राहणाऱ्या कितीतरी मजुरांकडे ती नव्हती, कारण नव्वद दिवस काम केल्याचा दाखला कुणी देत नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत आम्ही उरलेल्यांनी जो वेळ घालवला तो बहुतेक याच कामात: सकाळी नाक्यावर जाऊन अर्ज भरून देणे, दाखल्यासाठी ठेकेदाराच्या मागे लागणे. यात राजकारण कुठे, असं काही जण विचारतात. नगरसेवक स्वतःहून नाक्यावर येऊ लागले, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं.

तेव्हा ताई, वडिलांना लिहू द्या, पण आधी त्यांच्या हातात एक लाँगबुक द्या. राहत्या गल्लीपासून सुरुवात करा म्हणावं. गेटपास आणि पगाराची पावती आहे का, हा रकाना मी आखला नव्हता, तो त्यांनी जरूर आखावा. आणि ठेकेदाराचा रकाना रुंद ठेवायला सांगा. मी अरुंद ठेवला होता. त्यात 'शेठ' एवढाच शब्द मावायचा, आणि कामगार कार्यालयात ठेकेदाराचं पूर्ण नाव, लायसन नंबर आणि पत्ता मागतात.